पळणाऱ्यांसाठी लोखंड: उद्यमनगरातली बिनपाटीची जिम

दंड फुगवून आरशासमोर फोटो काढायचे असतील तर इथं जाऊ नका. आरसा एकच आहे, तोही बेसिनवर लावलेला आणि कोपऱ्यात तडकलेला. पण तुम्ही सकाळी रंकाळ्यावर पळत असाल, रविवारी कुठल्यातरी मैदानावर काहीतरी खेळत असाल, चाळिशी उंबऱ्यावर आली असेल आणि आजवर रॉड कधी खांद्यावर घेतला नसेल, तर महिन्याला हजार रुपये घालवावेत अशी ही जागा आहे.

नाव लिहीत नाही, कारण नावच नाही. कोल्हापुरात उद्यमनगर आणि राजारामपुरीच्या मधल्या पट्ट्यात एका जुन्या इमारतीचं तळघर आहे, वर मोटार वाइंडिंगचं दुकान. जिम चालवणारे आणि शिकवणारे सर म्हणतात, "पाटी लावली की पोरं दोन महिन्यांत सिक्स पॅक मागायला येतात. पाटी नाही तर ज्याला खरंच पाहिजे तोच शोधत येतो." धंद्याच्या दृष्टीनं हे चुकीचं आहे असं मला वाटतं, पण जागा त्यांची, भाडं त्यांचं.

माझं थोडक्यात सांगतो म्हणजे पुढचं कुठल्या चष्म्यातून लिहिलंय ते कळेल. वय ४३. उद्यमनगरात दोन लेथ आणि एक मिलिंग असलेलं छोटं वर्कशॉप. लॉकडाऊन उठल्यावर पळायला लागलो, आता हाफ मॅरेथॉन पळतो. रविवारी सकाळी गांधी मैदानावर चाळिशीपारवाल्यांचा आमचा फुटबॉल असतो, पावसाळ्यात मैदानाचं तळं झालं की बंद. दर सीझनला मांडीमागचा स्नायू एकदा तरी धरायचा. पहिल्या हाफमध्ये एक जोरात धाव मारली की मागनं कुणीतरी खडा मारल्यासारखं व्हायचं आणि तीन आठवडे घरी. शेवटी फिजिओनं सांगितलं, शेकून आणि चोळून घेऊन काही होणार नाही, ताकद वाढवा. म्हणून जिम.

आधी एका चकचकीत, एसीवाल्या ठिकाणी एक महिना काढला. तिथं पहिल्याच दिवशी इतके स्क्वॉट (म्हणजे बैठका), लंज (एक पाय पुढं टाकून बसणं) आणि उड्या करून घेतल्या की दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या पायऱ्या मी उलटा उतरलो. शनिवार होता तो. रविवारच्या मॅचला मला गोलकीपर केलं, तर मला वाकता येईना. तिथल्या पोराला सांगितलं की मी पळतो, मॅच असते. तो म्हणाला, "सर, मग कार्डिओ तुमचा झालाच, आपण फॅट लॉसवर फोकस करू." माझं वजन तेव्हा ६७ किलो होतं. फॅट कुठनं लॉस करायचं?

आता या तळघराबद्दल. माझा धंदा लोखंडाचा, त्यामुळं पहिल्या दिवशी लक्ष व्यायामाकडं कमी आणि सामानाकडं जास्त होतं. रॉड तीन आहेत. एक खरा ऑलिंपिक मापाचा: वजन २० किलो, लांबी २.२ मीटर, पकडायचा भाग २८ मिमी, प्लेट घालायच्या टोकांना ५० मिमीच्या स्लीव्ह. स्लीव्ह हातानं फिरवली की मोकळी फिरते. आत बेअरिंग नाही, बुश आहे, आणि त्याला वेळेवर तेल मिळतंय हे आवाजावरनं कळतं. नर्लिंग, म्हणजे पकडीसाठी रॉडवर काढलेली खरखरीत नक्षी, हाताला बोचत नाही, पण तळव्याला घाम आला तरी पकड सुटत नाही. हे जमवणं वाटतं तेवढं सोपं नाही, मी स्वतः नर्लिंग काढतो म्हणून सांगतो. दुसरा रॉड १५ किलोचा, पकडायला २५ मिमी, स्पर्धेत बायकांसाठी असतो त्या मापाचा. मला सुरुवातीला तोच दिला. तिसरा आपला गावठी. सर त्याला रॉड म्हणतच नाहीत, गज म्हणतात. रॅकवर, म्हणजे रॉड टेकवायच्या लोखंडी सांगाड्यावर, ठेवून फिरवला तर मधोमध तीनेक मिमी आउट आहे. तो फक्त वॉर्म-अपला आणि नव्या पोरांना हालचाल शिकवायला.

प्लेटा शिरोलीच्या एका फौंड्रीत ओतलेल्या. कास्टिंग म्हटलं की वजनात फरक आलाच. मोल्ड जरा फुगला की माल जास्त, आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, राहिला की कमी. बहुतेक ठिकाणी प्लेटवर २० लिहिलंय म्हणजे २०, विषय संपला. इथं प्रत्येक प्लेटच्या पाठीमागं पांढऱ्या ऑइल पेंटनं खरं वजन लिहिलंय: १९.४, २०.३, ९.७. सगळ्या प्लेटा काट्यावर घालून जोड्या लावलेल्या आहेत, १९.४ च्या समोर १९.५ जाते, २०.३ जात नाही. एका बाजूला किलोभर जास्त पडलं तर नवख्या माणसाला ते जाणवत नाही, कंबर मात्र एकीकडं ढळते. प्लेट उलटी करून ते आकडे वाचले आणि मी तिथंच पैसे भरले.

अजून एक गोष्ट, कारण ती मी दुसरीकडं बघितलेली नाही. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरनं रॉड उचलायचा. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५० मिमी असतो, म्हणजे रॉडचा मध्य जमिनीपासून २२५ मिमीवर येतो, नडगीच्या मध्याच्या जरा खाली. पण नवखा माणूस १०-१० च्या प्लेटा लावतो. आपल्याकडच्या १० किलोच्या बिडाच्या प्लेटचा व्यास ३०० च्या आसपास, मग रॉड १५० मिमीवर. तेवढं खाली वाकायचं म्हटलं की घोट्याजवळ हात जातो आणि पाठ वाकतेच. यावर बाकीचे ट्रेनर "पाठ सरळ, पाठ सरळ" म्हणून ओरडतात. इथं प्लेटांखाली सारायला ७५ मिमी जाडीचे बाभळीचे ठोकळे आहेत. १५० आणि ७५ मिळून २२५. मी टेप लावून बघितलं. सर हसले, म्हणाले, "मालक, सुताराकडनं करून घेताना मीपण टेपच लावला होता."

सर मूळचे कुरुंदवाडकडचे. शिरोळ तालुक्यातलं हे गाव, नरसोबाच्या वाडीच्या शेजारचं. बाहेरच्या लोकांना ते पेढ्या-बासुंदीच्या वाटेवरचं म्हणून माहीत. वेटलिफ्टिंगवाल्यांना मात्र २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेमुळं. गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी, तिघांनी तिथं भारताला ब्राँझ आणलं, आणि तिघंही कुरुंदवाडच्या मातीतले. सरांची पिढी त्यांच्या आधीची. स्वतः राज्य पातळीपर्यंत उचललं, मग खांदा गेला, मग शिकवायला लागले. वय पन्नाशीच्या पुढं असावं. बोलणं कमी. गाणी लावत नाहीत, हा मोठा गुण.

पहिला तास त्यांनी वजनाला हात लावू दिला नाही. शाळेची दोनशे पानी वही काढली आणि विचारत बसले. आठवड्यात किती पळता, कुठल्या वारी, त्यातलं जोरात किती, निवांत किती, मॅच किती वाजता, कुठल्या जागी खेळता, दिवसभर उभं राहता का बसता, झोप किती. मी लेथवर दिवसाचे सात-आठ तास उभा असतो हे त्यांनी अधोरेखित केलं. मग पायरीच्या कडेवर एका पायावर उभं राहून टाच वर-खाली करायला लावली, दमेपर्यंत. उजव्या पायावर २२ निघाल्या, डाव्यावर १३. "डावा पाय उधारीवर चाललाय," एवढंच बोलले आणि वहीत लिहिलं.

दुसरं म्हणजे बूट काढायला लावले. पळायच्या बुटाचा तळ जाड, मऊ. पाय टाकला की दबावा म्हणूनच केलेला. त्यावर उभं राहून वजन घेतलं की घोटा आत-बाहेर हलतो आणि जोर फोममध्ये जिरतो. एकतर अनवाणी, नाहीतर सपाट तळाचे साधे कॅनव्हास. इथं बहुतेक जण अनवाणीच असतात, त्यामुळं फरशी स्वच्छ लागते, आणि ती असते. सकाळी सर स्वतः पुसतात.

मला जे दिलं ते सांगतो, पण हे माझ्यासाठी दिलेलं आहे, कुणी जसंच्या तसं उचलू नये. छातीशी ८ किलोचा डंबेल धरून स्क्वॉट. ठोकळ्यांवरनं डेडलिफ्ट. बाकावर एका पायानं चढणं-उतरणं, उतरताना सावकाश. वाकून डंबेल ओढणं. साधे जोर. पोटरीचे दोन प्रकार: गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा वाकवून. वाकवून केलं की आतल्या सोलियस स्नायूला काम लागतं. पळताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्याच्यावर येतो आणि जिममध्ये मात्र तो कुणाच्या खिजगणतीत नसतो, कारण तो फोटोत दिसत नाही. शेवटी दोन हातांत दोन प्लेटा घेऊन तळघराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं.

आणि नॉर्डिक. हा माझ्या मांडीमागच्या स्नायूसाठी. गुडघ्यावर बसायचं, कुणीतरी मागनं घोटे दाबून धरायचे, आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत सरळ राहून पुढं पडायचं, जितकं सावकाश पडता येईल तितकं. पहिल्यांदा मी जे पडलो त्याला सावकाश म्हणता येणार नाही. हात टेकले म्हणून दात वाचले. फुटबॉलपटूंवर जे अभ्यास झालेत त्यात हा व्यायाम नियमित करणाऱ्या संघांत या दुखापती जवळपास निम्म्या झाल्याचं दिसलं आहे. सामान काही लागत नाही, एक जोडीदार लागतो. मग आमच्या पेठेतल्या एकाही पोराला हा व्यायाम कुणी का दाखवला नाही? २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. एवढं फुटबॉलवेडं गाव, आणि मॅचच्या आधी आमचा वॉर्म-अप म्हणजे चहा.

सेटचं म्हणाल तर मोठ्या व्यायामांचे पाच-पाच वेळा उचलायचे तीन सेट, मध्ये अडीच-तीन मिनिटं बसायचं. पळणाऱ्याला हे बसणं जमत नाही. मला वाटायचं, घाम कुठं येतोय, पैसे फुकट चालले. नियम एकच: अजून दोन निघाल्या असत्या असं वाटतं तिथं रॉड खाली. मी एकदा म्हटलं, "सर, आज वाढवूया की, हलकं लागतंय." ते म्हणाले, "हलकं लागतंय म्हणूनच आज वाढवायचं नाही. पुढच्या वेळी हलकं लागलं तर बघू." मला ते लगेच पटलं, कारण नव्या जॉबवर मीही पहिला कट खोल घेत नाही, मशीन ओढेल, पण टूल आणि फिनिश दोन्ही जातं.

यामागचं शास्त्र नंतर वाचलं. पहिल्या महिना-दीड महिन्यात जी ताकद वाढते ती बहुतांशी मज्जासंस्थेची असते, आहेत तेच स्नायू मेंदू जास्त नीट कामाला लावतो. म्हणून दंडाला टेप लावली तर काही फरक नाही आणि रॉडवर मात्र दहा किलो वाढलेले. स्नायू त्यामागोमाग येतो, आणि कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, सगळ्यात सावकाश. माणसाला जोर आल्यासारखं वाटतं तेव्हा कंडरा अजून जुनीच असते. नवखे लोक दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जखमी होतात ते बरेचदा यामुळं. सर हे असं समजावून सांगत नाहीत, ते फक्त वाढवू देत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि या जागेला मी जे मार्क देतोय त्यातले निम्मे यासाठी: पळणं, मॅच आणि वजन यांची घडी. माझी समजूत होती की ज्या दिवशी पळत नाही त्या दिवशी जिम करायची, म्हणजे रोज काहीतरी होईल. सरांनी वहीत उलटं लिहिलं. मंगळवारी सकाळी जोराचं पळणं असतं, तर मंगळवारीच संध्याकाळी जिम. गुरुवारी सकाळी लांबचं पळणं, तर गुरुवारी संध्याकाळी जिम, पायाचं थोडं कमी. बुधवार, शुक्रवार, शनिवार निवांत. रविवारी मॅच. सोमवारी उद्यमनगर बंद, मीही बंद. म्हणजे जड दिवस जडच आणि हलका दिवस खरोखर हलका. नाहीतर रोजच थोडं थोडं जड होतं आणि अंगाला सुट्टी मिळतच नाही. सकाळचं पळणं आणि संध्याकाळचं वजन यांत सहा तासांचं तरी अंतर पाहिजे, ते वर्कशॉपमुळं आपोआप पडतं. गुरुवारनंतर वजन नाही, कारण न सवयीच्या व्यायामानं येणारी अंगदुखी एक ते तीन दिवसांत शिगेला असते आणि रविवारी ती आपल्याला परवडत नाही.

पळणं आणि वजन दोन्ही एकत्र केलं की एक दुसऱ्याला खातं, अशी भीती पळणाऱ्यांच्या ग्रुपवर सारखी घातली जाते. त्याचं मूळ जुनं आहे. १९८० मध्ये रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन संशोधकानं दहा आठवडे तीन गटांवर प्रयोग केला: एक फक्त वजनाचा, एक फक्त दमसासाचा, एक दोन्हींचा. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सातव्या-आठव्या आठवड्यानंतर अडली आणि शेवटी घसरली. दमसास मात्र त्यांचा दमसासवाल्यांइतकाच वाढला! म्हणजे त्या प्रयोगात नुकसान झालं ते ताकदीचं, पळण्याचं नाही. वर ती मंडळी आठवड्याचे पाच दिवस वजन आणि सहा दिवस दमसास करत होती. आपण दोन दिवसवाले, पोटापाण्याचं बघून करणारे. आपल्याला कोण काय खाणार?

पेठेतल्या जुन्या लोकांची भीती वेगळी. "वजनं मारलीस की अंग जखडतंय, पळणं बंद पडतंय," हे मला आमच्या गल्लीतल्या काकांनी दोनदा ऐकवलं. आपल्याकडं तालमीचा मान मोठा. १९१२ चं शाहू महाराजांचं खासबाग मैदान आजही कुस्त्यांसाठी भरतं, फुटबॉलच्या संघांचीसुद्धा नावं पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम अशी. तिथं जोर, बैठका, सपाट्या. लोखंड म्हणजे शहरी खूळ. मला वाटलं होतं सर यावर हसतील. ते म्हणाले, "बैठकसुद्धा वजनाचीच की. वजन आपलं स्वतःचं, एवढंच. पाचशे बैठका मारणाऱ्याला दम येतो, त्याला आणखी ताकद पाहिजे असेल तर पाचशे एकावी मारून मिळत नाही, पाठीवर काहीतरी घ्यावं लागतं. पैलवान जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका मारतात ते काय आहे मग?" काकांना हे जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मग जोडीदार घे की, हजार रुपये कशाला?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

फरक काय पडला? पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू केलं होतं, आता उन्हाळा लागला. डेडलिफ्ट ३५ वरनं ९० किलोवर आली, खांद्यावर रॉड घेऊन स्क्वॉट ६० किलोपर्यंत. एका पायावर टाच वर-खाली करण्यात डावा पाय उजव्याच्या बरोबरीला आलाय. सपाटीवरच्या वेगात म्हणाल तर फार काही नाही. दहा किलोमीटरला मिनिटभर कमी लागतं, तेही हवा बरी असेल तर. चढावर मात्र स्पष्ट कळतं. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढताना पूर्वी कंबर मोडून चालायची वेळ यायची, यावेळी चाललो नाही. आणि मॅचची शेवटची वीस मिनिटं. पूर्वी तोवर मी बॉलकडं बघून हात वर करायचो. आता जातो बॉलवर. मांडीमागचा स्नायू या सीझनला धरलेला नाही. त्यात नॉर्डिकचा वाटा किती आणि नशिबाचा किती हे कुणालाच सांगता येणार नाही. वजन दीड किलो वाढलं. पळणाऱ्या मित्रांना ते ऐकून माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

तक्रारी आहेत. रॅक एकच, आणि संध्याकाळी साडेसहा ते आठ तो मिळेल याची खात्री नाही. कॉलेजची पोरं चेस्ट-बायसेप करतात म्हणून रॅकला हात लावत नाहीत, पण मोबाईल टेकवायला त्यांना तीच जागा सापडते. तळघर असल्यामुळं हवा कोंडते. एक एक्झॉस्ट आणि दोन भिंतीवरचे पंखे, मे महिन्यात काय होईल ते देव जाणे. रबर मॅटचा वास पहिले काही दिवस कपड्यांना येतो. कपडे बदलायला पडद्यामागची जागा, कडी नसलेली. बायकांसाठी सकाळी दहा ते बारा वेगळी वेळ ठेवली आहे, पण नोकरी करणाऱ्या बाईला ती वेळ काय कामाची? माझ्या बायकोला यायचंय आणि या एका कारणामुळं अडलंय. सरांना सांगितलंय. "बघू" म्हणालेत. त्यांचं "बघू" म्हणजे साधारण पुढचा पावसाळा.

आणखी एक उणीव होती, ती मीच भरून काढली. सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची. म्हणजे वाढवायचं तर दोन्ही बाजूंचे मिळून पाच किलो, त्याखाली काही नाही. पायाच्या व्यायामाला चालतं, खांद्याच्या आणि हाताच्या व्यायामाला पाच म्हणजे फार मोठी उडी. माणूस आठवडेच्या आठवडे एकाच वजनावर अडकतो. मग वर्कशॉपमध्ये एम.एस.चा, म्हणजे साध्या पोलादाचा, राउंड बार पडला होता, त्यातनं चकत्या पाडल्या. व्यास १२० मिमी, मधला बोअर ५१, जाडी १७. हिशोबानं सव्वा किलोला बारा-तेरा ग्रॅम कमी भरतं. सात मिमीच्या पाडल्या त्या साधारण अर्ध्या किलोच्या. दोन्ही बाजूंना फेसिंग करून, कडा मारून, तेल लावून नेऊन दिल्या. सरांनी त्या काट्यावर घातल्या, पाठीमागं पांढऱ्या पेंटनं आकडा लिहिला आणि त्या महिन्याची फी घेतली नाही. आता त्या चकत्या सगळ्यात जास्त वापरल्या जातात, आणि एक हरवलीसुद्धा.

खाण्याबद्दल. दारातच काचेच्या कपाटात प्रोटीनचे डबे असतात तशी जिम ही नाही. कपाट आहे, त्यात सरांची जुनी मेडलं आणि ओडोमॉस. मी विचारलं तेव्हा म्हणाले, आधी रोजचं लिहून आणा. लिहिलं तर सकाळी पोहे, दुपारी भाकरी-भाजी, रात्री भात-आमटी. प्रोटीनच्या नावानं रविवारचा तांबडा-पांढरा. व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागं साधारण दीड ग्रॅम प्रोटीन धरतात, म्हणजे माझ्या वजनाला शंभर ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात सहा ग्रॅम. मग रोज तीन अंडी, दुपारी मूठभर वाढीव उसळ, दही, आणि जिमनंतर गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध. पैलवानांच्या खुराकाच्या मानानं हे काहीच नाही, पण हिशोब जुळतो. डब्याला माझा विरोध नाही. शाकाहारी माणसाला सोयीचा पडेल. आमच्याकडं म्हशी आहेत.

फी महिन्याला हजार, तीन महिन्यांचे एकदम दिले तर अडीच हजार. प्रवेश फी नाही. त्या चकचकीत ठिकाणी मी वर्षाचं पॅकेज घेतलं नाही म्हणून तीन वेळा फोन आला होता. इथं मी पंधरा दिवस आजारी पडलो तर सरांनी तेवढे दिवस पुढं ढकलून दिले, न मागता. पैसे रोख किंवा फोनवरनं, पावती मागितली तर वहीचा कागद.

कुणी जाऊ नये तेही सांगतो. रोज वेगळा व्यायाम पाहिजे, कंटाळा लगेच येतो, अशांनी जाऊ नये. इथं तेच पाच-सहा व्यायाम महिनोन् महिने चालतात. ट्रेडमिल पाहिजे असेल तर नाही. सतत कुणीतरी "कमॉन, एक अजून" म्हणायला पाहिजे असेल तर तेही नाही. सर कोपऱ्यात खुर्चीवर बसून बघत असतात आणि काही चुकलं तरच उठतात. गुडघा किंवा पाठीचं मोठं दुखणं असेल तर आधी डॉक्टर, मग तळघर.

जायचं असेल तर मंगळवार किंवा गुरुवारी पाचच्या सुमारास जा, तेव्हा रॅक मोकळा असतो. आठवड्याचं पळण्याचं वेळापत्रक लिहूनच न्या, सर विचारणारच. नॅपकिन आपला आपण न्यायचा. आणि गाडी वाइंडिंगवाल्याच्या दारात लावू नका, तो एकदा सांगतो आणि दुसऱ्यांदा चाकातली हवा सोडतो.